बांगडीला वळणारे मासे

भीमामाईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! हवं तर पाण्यात हात घालून सांगते. माझ्या गोष्टींत मासे वाढत जातात, हे आमच्या वस्तीत कुणीही सांगेल. माझ्या बापानं उजनीत धरलेली वाम माझ्या लग्नात हातभर होती, नातवंडं झाली तोवर होडीएवढी झाली. पण ही गोष्ट ज्या माशांची आहे ते बोटाच्या दोन पेरांएवढे. त्यांना मी फुगवून फुगवून किती फुगवणार?

तर त्या दिवशी सकाळी मी माशांच्या खोलीत शिरले, तेव्हा निवी तिसऱ्या रॅकपुढं उकिडवी बसली होती. हातात जाळी, जाळीत दोन मासे, पोटं वर.

“मावशी, औषधाच्या टाकीतले दोन गेले,” ती म्हणाली. “आणि तेही आजच!”

माझ्या हातातला जेवणाचा डबा खाली पडला. झाकण घरंगळत पार दाराशी गेलं.

“अहो, तुम्ही कशाला एवढ्या घाबरताय?” निवी म्हणाली. “घाबरायचं तर मी.”

तिला काय माहीत!

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. पुण्यातल्या एका संशोधनाच्या ठिकाणी मी कामाला होते. काम काय, तर मासे सांभाळणं. जन्म नदीवर गेलेला, त्यामुळं मला ते काम म्हणजे माहेरच. फरक एवढाच की आम्ही मासे धरून खायचो आणि हे लोक मासे धरून शिकायचे. छतापर्यंत काचेच्या टाक्या, पंपाची दिवसभर घरघर, कोंडलेली ऊब, आणि प्रत्येक टाकीत निळ्या पट्ट्यांचे ते इवले मासे. ओढ्यात, भातखाचरात सापडतात तसलेच. लहानपणी आम्ही ते ओंजळीत धरून सोडून द्यायचो. इथं त्यांना नंबर होते.

निवी म्हणजे निवेदिता चौधरी, जळगावकडची. पाच वर्षं तिथं घासत होती. माशांच्या अंड्यांत ती सुईनं काहीतरी सोडायची, तेही अंडं पडल्यावर लगेच, आणि त्यातून निघायचे ते बेध्यान मासे. टाकीच्या एका टोकाला हिरवा दिवा लागायचा. जो मासा तिकडं जाईल त्याला खाऊ. साधे मासे पंधरवड्यात शिकायचे. हे बेध्यान मासे मात्र दिवा लागला तरी भिंतच चाटत बसायचे, नाहीतर आपल्याच सावलीमागं फिरायचे.

“असं लक्ष न लागणं लेकरांतही असतं, मावशी,” निवी सांगायची. “मेंदूतली रसायनं माशाची आणि आपली बरीच सारखी. लेकराच्या डोक्यात मला डोकावता येत नाही. माशाचं पिल्लू काचेसारखं असतं, सगळं दिसतं.”

मी ऐकायची आणि मला माझी नात दिसायची.

रेश्मा तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. वर्गात बाईंनी चार वेळा हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पाणी आणायला धाडली की तासानं रिकामी घागर घेऊन यायची, आणि वर सांगायची की वाटेत एक सरडा रंग बदलत होता. बाईंनी निरोप धाडला होता, सहामाहीत असंच राहिलं तर दुसरीकडं बघा. माझी सून मंदा तिला मारायची आणि मग स्वतःच रडायची.

आणि मग निवीचं औषध लागू पडलं! तेच बेध्यान मासे औषधाच्या पाण्यात अर्धा तास ठेवले की दिव्याकडं सरळ बाणासारखे जायला लागले. दहातले आठ, नऊ. निवी मला मिठी मारून नाचली होती. तिचे मोठे साहेब, सबनीस सर, कधी हसायचे नाहीत, त्यांनीही त्या दिवशी मला “काय मावशी” म्हटलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. फ्रीजमधल्या जाड बाटलीतलं औषध मी खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. दोन बोटं. कमरेला खोचून घरी नेलं. आणि त्या दिवशी सकाळी कामावर निघताना मंदाच्या हातात दिलं.

“साडेअकराला, शाळेत जायच्या आधी, एक चमचा दे. माशाला थेंब पुरतो, पोरीला चमचा लागंल.”

“कशाचं हाय, आत्या?”

“डोकं थाऱ्यावर येण्याचं. कुणाला बोलू नको.”

रेश्मा दारात बसून चपलेचा पट्टा सोडत-लावत होती. मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. “रेश्मे, आईनं चमचा दिला की घ्यायचा. थुकायचा न्हाई. आजीनं दिलाय म्हणून घ्यायचा. ऐकलं का?”

ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. नेहमीसारखीच.

आणि आता निवीच्या जाळीत दोन मासे उलटे.

“कशानं मेले गं?” मी विचारलं. 

“पंपाची नळी निघाली असेल. औषधानंही असेल. आत्ता कापून बघायला वेळ नाहीये, मावशी. अकराला पाहुण्या येतायत.”

बंगळूरहून एक मोठ्या बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर निवीनं मासे चालवून दाखवायचे. त्यांनी मान हलवली की निवीची पाच वर्षं पावन, आणि औषध पुढं उंदरांवर जाणार. मग कधीतरी लेकरांवर. पुढं, कधीतरी. आणि मी ते आजच साडेअकराला द्यायला सांगून आले होते.

घड्याळात साडेनऊ.

फाटकावरच्या वॉचमनच्या फोनवरून वस्तीतल्या पिठाच्या गिरणीत फोन लावला. नुसता वाजत राहिला. दहाला पुन्हा लावला, पुन्हा तेच. वॉचमन म्हणाला, “लाइट गेली असंल तिकडं. गिरणी बंद, मालक चहाला.”

घर पायी पाऊण तासावर. निघाले असते तर पोचले असते. हे मी तेव्हाही मनात मोजलं होतं, विसरले नाही. पण निवीनं दंडाला धरलं.

“मावशी, आज तुम्ही हलायचं नाही! तुमच्याशिवाय खाऊ कोण टाकणार?”

ते खरंच होतं. खाऊ टाकायचं आधी मशीन होतं. बेध्यान मासे पहिल्यांदा तपासले तेव्हा मशीननंच टाकला. मग ते बिघडलं, नवं काही येईना, आणि औषधाची पाळी आली तेव्हापासून काळ्या पडद्यामागं मीच उभी. दिवा लागला की त्या टोकाला मनगट टेकवायचं आणि नळीतून खाऊ सोडायचा. निवी पलीकडं कॉम्प्युटरवर मासा बघत बसायची. तिला मी दिसायची नाही, माशालाही दिसायची नाही.

मी मनाशी म्हटलं, अकराला सुरू, सव्वाअकराला संपेल, फाटकावर रिक्षा मिळेल. बाटली चोरली हे सांगितलं तर नोकरी जाईल, निवीचंही आजच वाटोळं होईल. वेळ आहे, ठकू, वेळ आहे. नाव ठकूबाई नगरे, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला ठकवलं असेल तर स्वतःला.

साडेदहाला सबनीस सर आले. माझ्याकडं खालून वर बघितलं.

“आज सगळं नियमानं. गाऊन, हातमोजे. आणि मावशी, ही डझनभर काकणं काढा आधी. बाई म्हणतील इथं प्रयोग चालतो की हळदीकुंकू.”

“सवाष्णीचे हात आहेत, साहेब. मोकळे कसे ठेवू?”

“तासभर ठेवा. मालकांना काही होत नाही.”

साबण लावून लावून बांगड्या काढल्या. एक वाढवली, बोटाला कापलं. बाकीच्या पदराच्या टोकाला गाठीत बांधल्या, गाऊनखाली खोचल्या. मोकळ्या मनगटाकडं बघवेना. आजच्या दिवशीच हे? मनात नको ते यायला लागलं.

पाहुण्या बाई आल्या. पांढरे केस, रेशमी साडी, पायात मात्र खेळायचे बूट. मी पडद्यामागं गेले. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ, आणि माझं सगळं ध्यान तिकडंच. अकरा वाजून पाच.

निवीनं इंग्रजीतून काहीबाही सांगितलं. मग म्हणाली, “एक.”

डाव्या टोकाला दिवा लागला. मी मनगट टेकवलं. मासा मधे उभा. हललाच नाही.

“दोन.”

उजवीकडं दिवा. मासा गेला डावीकडं, कोपरा चाटायला.

“तीन.” “चार.” काही नाही. दुसरा मासा आणला, तोही तसाच. बाहेर कुणीतरी खोकलं. सबनीस सर दातांतून मराठीत म्हणाले, “काय चाललंय, निवेदिता?”

“सर, काल संध्याकाळपर्यंत...”

“काल पाहुण्या नव्हत्या.”

निवीचा श्वास मला पडद्यातून ऐकू येत होता. अकरा वाजून बारा. माझ्या डोक्यात मात्र पिठाच्या गिरणीचा फोन वाजत होता.

“सात,” निवी म्हणाली, अगदी बारीक आवाजात.

दिवा डावीकडं लागला. मी घड्याळाकडं बघायला वळले आणि पदराची गाठ गाऊनमधून सुटून उजवीकडच्या काचेवर आपटली. किण्.

मासा गर्रकन वळला. उजवीकडं! दिव्याकडं पाठ करून, सरळ माझ्या गाठीखाली येऊन तोंड वर करून उभा राहिला.

मला वाटलं भास झाला. गाठ उचलली, डाव्या काचेला हळूच लावली. किण्. मासा डावीकडं. पुन्हा उजवीकडं लावली. मासा उजवीकडं. 

इतके दिवस रोज मनगट टेकवताना माझ्या बांगड्या वाजत होत्या, आणि दिव्याकडं नाही, हे त्या बांगड्यांकडं येत होते. मशीनला बांगड्या नव्हत्या, म्हणून तेव्हा येत नव्हते. औषधाचा यात काही संबंधच नव्हता.

“आठ,” बाहेरून आवाज आला. उजवीकडं दिवा.

आता हसू नका, जे केलं ते सांगते. मी गाठ उजवीकडं वाजवली. मासा दिव्याखाली. “नऊ.” वाजवली. मासा दिव्याखाली. बाहेर सबनीस सर मोठ्यानं “आहा” म्हणाले. पाहुण्या बाई काहीतरी छान बोलल्या. निवी हसली, रडल्यासारखं हसली. अजून पाच-सहा वेळा वाजवलं असतं तर पोरगी तरली असती. कुणाला कधी कळलं नसतं.

पण औषध जर कशाचंच औषध नाही, तर मग माझ्या घरी त्या बाटलीत काय होतं?

अकरा वाजून अठरा.

मी पडदा बाजूला केला.

“मावशी, आत व्हा!” निवी ओरडली.

मी पदराची गाठ सोडली आणि बांगड्या टेबलावर ओतल्या. एक घरंगळत पाहुण्या बाईंच्या बुटाशी गेली.

“हे तुमचं औषध,” मी म्हटलं. “मासे याला येतात. बघा.”

एक बांगडी उचलून काचेला लावली. मासा आला. दुसऱ्या टोकाला लावली, तिकडं गेला. दिवा कुठं होता ते त्यानं बघितलंसुद्धा नाही.

सबनीस सरांचं तोंड उघडं ते उघडंच. निवी एकदम खाली बसली, खुर्ची नव्हती तिथं. पाहुण्या बाई मात्र काचेशी वाकल्या, आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाल्या, “फिर से करो.”

“नाही करत,” मी म्हटलं. “निवी, ऊठ. शिव्या मग दे. तुझं औषध मी चोरून घरी नेलंय. साडेअकराला माझी सून ते माझ्या नातीला पाजणार आहे.”

निवी धडपडत उठली.

“किती?” निवीनं विचारलं.

“चमचा.”

“कुठलं? टाकीतलं पाणी की फ्रीजमधलं?”

“फ्रीजमधलं.”

“ते पाणी घालून वापरायचं असतं, मावशी! हजारपट पाणी घालून!” ती किंचाळली. गाऊन तसाच अंगात, किल्ली घेऊन धावत सुटली, आणि मी तिच्यामागं.

तिच्या स्कूटीवर मी याआधी कधी बसले नव्हते. त्या दिवशी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले, नऊवारीचा सोगा वाऱ्यावर. वाटेत ती एकदाच बोलली.

“मला विचारायचं तरी होतं.”

“तू न्हाई म्हणाली असतीस.”

“हो! नाहीच म्हणाले असते!”

आणि तिनं गाडी आणखी पळवली. 

वस्तीच्या तोंडाशी चरी खणलेल्या, स्कूटी तिथंच टाकली आणि पळालो. गिरणी खरंच बंद. मंदा ओट्यावर भांडी घासत होती.

“मंदे, दिलं का?”

“दिलं की, आत्या. चमचा भरून हातात दिला, म्हटलं उंबऱ्यात बसून घे. माझे हात राखेचे. का वो? ह्या कोण बाई?”

उंबऱ्यात दप्तर होतं. चपला होत्या. रेश्मा नव्हती.

आणि दप्तराशेजारी, फरशीवर, चमचा होता. काठोकाठ भरलेला. थेंबही सांडलेला नाही.

निवीनं तो दोन्ही हातांनी उचलला, देवाचं तीर्थ उचलावं तसा, आणि मोरीत नेऊन ओतला. मग बाटली हुंगली, खिशात घातली, आणि तिथंच भिंतीला टेकली.

रेश्मा घराच्या मागं पालथी पडली होती, हनुवटी मातीत. मुंग्या नाकतोड्याचा एक पाय ओढून नेत होत्या.

“रेश्मे!”

“आजे, गप! ती पडंल.”

निवी तिच्याशेजारी जाऊन बसली, गाऊन मातीत. रागावून काहीतरी विचारायलाच गेली असावी, पण मग तीही बघत बसली. मुंग्यांनी तो पाय बिळापर्यंत नेला, बिळात शिरेना, मग आडवा होता तो उभा केला आणि आत घेतला. शाळेची घंटा झाली तरी पोरगी हलली नाही.

“पंचवीस मिनिटं,” निवी मला म्हणाली. “मी घड्याळ लावलं होतं.”

सरांनी मला त्याच दिवशी काढलं. आठवड्यानं निवीनंच परत बोलावलं. ते दोन मासे पंपाची नळी निघाल्यानं मेले होते, हेही तोवर कळलं होतं. तिनं सगळं पहिल्यापासून केलं, मशीननं. औषध काही लागू पडलं नाही. दीड वर्ष गेलं तिचं त्यात. पण पाहुण्या बाईंनी तिला पत्र धाडलं होतं की त्या बांगड्यांचं नीट लिही. तिनं लिहिलं. बेध्यान मासे कशाकडं ध्यान देतात, यावरच मग तिची डॉक्टरकी झाली. तिच्या जाड पुस्तकात शेवटी माझं नाव आहे, इंग्रजीत. रेश्मानं मला बोट ठेवून दाखवलंय.

रेश्मा आता चोवीस वर्षांची आहे. नर्स आहे. ही गोष्ट मी वस्तीत शंभरदा सांगितली असेल, तिच्यासमोरही. चमच्यापाशी आले की सगळ्या बाया हुश्श करतात, आणि रेश्मा माझ्याकडं न बघता पायाच्या अंगठ्याशी काहीतरी करत बसते.

शपथ घेतली आहे नदीची, आणि आता गुडघे दुखतात, पलीकडं जायचे दिवस आलेत. म्हणून एवढं एक सांगून टाकते. बांगड्या खऱ्या. गर्रकन वळलेला मासा खरा. मुंग्या खऱ्या, नाकतोड्याचा पायही खरा, त्या ती नंतर बघत होती.

चमचा तेवढा भरलेला नव्हता.

चाटून पुसून स्वच्छ होता. तिथून दवाखाना, सलाइन, निवीचा हात तिच्या नाडीवर, अंधार पडेपर्यंत. डॉक्टर मला विचारत होते, किती पाजलं, केव्हा पाजलं, आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी उत्तरं देत होते. देवाची कृपा, काही झालं नाही. तिन्हीसांजेला पोरगी उठून बसली आणि म्हणाली, “आजे, त्या नळीतनं एकशे चार थेंब पडले.”

मी विचारलं, “रेश्मे, एवढं कडू होतं, थुकलं का न्हाईस गं?”

“तूच म्हणालीस ना,” ती म्हणाली, “आजीनं दिलाय म्हणून घ्यायचा.”

जन्मात कुणाची हाक ऐकली नव्हती त्या पोरीनं. माझीच तेवढी ऐकली होती.